दगडाबाईंचा गाडा

पडेगावच्या वेल्डिंगच्या दुकानात मी फाटकाचं बिजागर घेऊन थांबलो होतो. माझ्या पुढं एक बाई नुकताच जोडलेला एकचाकी गाडा ढकलून बघत होती.

“अन्सारभाई, हे दांडे कापून खाली घ्या.”

“दगडाबाई मावशी, तुमच्या मालकांची, मल्हाररावांची उंची धरूनच जोडले मी.”

“गाडा मी ढकलणार हाय. मधाच्या पेट्या माझ्या हायत.”

“भरलेली पेटी लई जड असती मावशी. उचलायला माणसं बोलवायची.”

“बोलावली व्हती की. चौघांनी पेटी धरली. एकाला माशी डसली, तर चौघंबी पेटी टाकून पळाले. सगळ्यांत पुढं आमचं मालक.”

“या अल्लाह! अन् पेटी?”

“पोळं फुटलं. राणीमाशी मेली. म्हणून तर गाडा. दिवेलागणीला माश्या घरी आल्या की पेटीचं दार लावायचं, अन् डाळिंबाच्या बागंत न्यायची. एकटीनं.”

“मग दोन चाकं लावतो. कलंडायचा नाय.”

“बांधावरनं एकच चाक जातं. अन् हवा जरा कमीच भरा. हादरा बसला की पोळं तुटतं.”

“बरं. दांडे कुठवर घेऊ?”

“इथं, माझ्या कमरंपाशी.”

“सोच लो मावशी. एकदा कापले की कापले. उद्या मल्हाररावांना गाडा ढकलावा लागला तर?”

“तर वाकू द्या त्यांना.”