जीप, डबा आणि मधली जागा

(गॅरेजचं अंगण. जीपच्या मागे दोन चाकांचं फिरतं घर जोडलेलं आहे, त्याच्या पुढच्या पत्र्याला पोचा. काका जीपच्या एका बाजूला, काकू दुसऱ्या बाजूला, मध्ये मिस्त्री.)

मिस्त्री: म्हणजे पुन्हा तिथेच लागलं.

काका: तिथेच. वळणावर. तुम्ही मागच्या आठवड्यात मधला दांडा लांब करून दिलात, तरी लागलं.

मिस्त्री: लागायला नको होतं.

काकू: मिस्त्री, ह्यांना विचारा, कुठल्या वळणावर.

मिस्त्री: काकू, ते इथेच उभे आहेत.

काकू: दिसतंय मला. विचारा.

मिस्त्री: काका, कुठल्या वळणावर?

काका: तिला सांगा, मी वळणं मोजत बसत नाही. फाटकातून बाहेर पडताना असेल.

मिस्त्री: काकू, फाटकातून...

काकू: ऐकलं.

मिस्त्री: तुमचं भांडण झालंय का?

काका: छे.

काकू: भांडायला बोलावं लागतं.

मिस्त्री: बरं. आपण कामाचं बोलू. काका, मी आत्ता जीप पूर्ण वळवून बघितली. जीपचा कोपरा आणि ट्रेलरचा पत्रा यांच्यामधून माझा अख्खा पंजा जातो. दोन्ही बाजूंनी जातो. वळणावर लागायचं काही कारणच नाही.

काका: मग खड्ड्यात लागलं असेल.

मिस्त्री: खड्ड्यात लागलं तर ओरखडा येतो, वर-खाली. हा गोल पोचा आहे. जीपच्या मागच्या दारावर स्टेपनी टांगलीय ना, बरोबर तिच्या आकाराचा.

काका: ते मला नका सांगू. दांडा अजून लांब करा.

मिस्त्री: करतो. पण मग वळताना ट्रेलर जास्त आत येईल आणि फाटकाचा खांब बरोबर घेऊन जाईल.

काका: मग घराचं पुढचं तोंड थोडं कापा.

काकू: मिस्त्री, त्या डब्याचं तोंड कापायचं नाही. तिथे गॅसची शेगडी आहे.

काका: तिला सांगा, तो डबा नाही. घर आहे.

काकू: घर विचारून घेतात.

मिस्त्री: न विचारता घेतलं?

काकू: शेजारीण आली आणि म्हणाली, अभिनंदन, घर घेतलंत. मी म्हटलं, कोणी?

काका: गंमत करायची म्हणून तिला आधी सांगितलं नव्हतं.

काकू: सगळ्या गल्लीला सांगून झाली होती गंमत.

मिस्त्री: आणि तेव्हापासून बोलणं बंद.

काकू: तेव्हापासून.

मिस्त्री: नशीब लागतं. आमच्याकडे सुरू झालं की बंदच होत नाही.

काका: मिस्त्री, पोच्याचं बोला.

काकू: पोच्याचं मी सांगते. वळणावर नाही लागलं. हूक लावायला हे जीप मागे घेत होते, तेव्हा लागलं. आमच्याच अंगणात. जीप हुकाच्या बाजूने तशीच मागे येत राहिली आणि स्टेपनी पत्र्यात घुसली.

मिस्त्री: तुम्ही होतात तिथे?

काकू: मागेच उभी होते.

मिस्त्री: मग थांबा म्हणाला नाहीत?

काकू: आमचं बोलणं बंद आहे.

मिस्त्री: हां.

काकू: हात केला होता मी. अगदीच काही वाईट नाहीये मी.

काका: मी आरशात बघत नव्हतो.

मिस्त्री: गाडी मागे घेताना?

काका: आरशात ती दिसत होती.

मिस्त्री: आणि मागच्या आठवड्यात? तेव्हाही असंच?

काकू: असंच.

मिस्त्री: म्हणजे दांडा मी उगाचच लांब केला.

काकू: तुम्ही काम चांगलं केलंत.

मिस्त्री: असू दे. ट्रेलर सोडवतो आणि स्टेपनी टपावर टाकतो. मागचं दारही मग नीट उघडेल. बाकी जे आहे ते मला टपावर टाकता येणार नाही.

काका: आज होईल ना? उद्या सकाळी निघायचंय. मुलीचे दिवस भरत आलेत.

काकू: मिस्त्री, ह्यांना सांगा, मी बसने जातेय. तिकीट काढलंय. डबा त्यांनी न्यावा, नाहीतर इथेच ठेवावा, तुम्हाला औजारं ठेवायला होईल.

मिस्त्री: काका...

काका: ऐकलं. तिला म्हणावं, मुलीकडे एकच खोली. ती दोघं, त्यात बाळ, त्यात ही. ही दोन महिने तिथे राहणार. मी कुठे राहायचं?

काकू: आपल्या घरी. त्याला चाकं नाहीत, तिथेच असेल ते.

काका: एकट्याने?

काकू: राहतात माणसं.

काका: मिस्त्री, मागे ही बहिणीकडे गेली होती. थोडेच दिवस. मी रोज बाजारात जाताना 'येतो गं' म्हणून दार ओढून घ्यायचो. मग कुलूप लावायचो. हे तिला सांगू नका.

मिस्त्री: काका, त्या इथेच उभ्या आहेत.

काका: माहीत आहे मला. मला तिच्याशिवाय करमत नाही, मिस्त्री. मुलीच्या दाराशी हे उभं करावं, रात्री तिने पाठ टेकायला इकडे यावं, एवढंच डोक्यात होतं.

काकू: त्यांना विचारा, हे आधी का नाही सांगितलं.

काका: सांगणं जमलं नाही. घेणं जमलं.

मिस्त्री: मी कामाला लागतो. तोवर दोघं बाकावर बसा.

काकू: मी उभी बरी आहे.

काका: मी पण.

मिस्त्री: (थोड्या वेळाने) घ्या, ट्रेलर सोडवला, गेली स्टेपनी टपावर. आता परत जोडू. काका, जीप चालू करा आणि अगदी सावकाश मागे या. मी हूक धरून खाली वाकलेला असेन, मला काही दिसणार नाही. काकू, तुम्ही बघून सांगायचं.

काकू: कुणाला?

मिस्त्री: जो चालवतोय त्याला.

काकू: मी तुम्हाला सांगते. तुम्ही त्यांना सांगा.

मिस्त्री: काकू, माझे दोन्ही हात मध्ये आहेत. निरोप पोचेपर्यंत बोटं राहायची नाहीत.

काका: येऊ का, मिस्त्री?

मिस्त्री: मला विचारू नका.

काका: येतोय.

मिस्त्री: काकू, आवाज जवळ आला.

काकू: अहो.

मिस्त्री: काय?

काकू: तुम्हाला नाही.

काका: ऐकतोय.

काकू: डावीकडे घ्या. तुमच्या डावीकडे. एवढं नको, थोडं. हां. आता सरळ. या. या अजून. सावकाश हो, माणसाचे हात आहेत तिथे. थांबा.

मिस्त्री: बसला हूक.

काका: लागलं का गं कुठे?

काकू: नाही लागलं. चांगली हातभर जागा आहे.

काका: मग उतरू?

काकू: उतरा. आणि घरी गेल्यावर मोरीतलं ते बुटकं स्टूल टाका आत. पायरी उंच आहे ह्याची, मला चढवणार नाही.