मांडीवरचे हात

सकाळी नऊ वाजता बेळगावात कॅम्पातल्या दवाखान्याचं दार उघडलं. साल १९३८. दातदुखीनं बेजार झालेला पद्मराज बाकावर बसला होता. शेजारी निपाणीच्या दोघी बहिणी, नागुबाई आणि धाकटी मालू.

"आक्का, आत गेलीस की पयलं सांग, ह्यो रोग न्हाय, सवय हाय!"

"सवयच गं. जलमभर बिड्या वळल्या. आता बोटं बसून ऱ्हाईनात."

"बघ की, अंगठा बोटावर कसा फिरतोय! पान न्हाय, तंबाखू न्हाय, बिडी वळतीस!"

"हसू नको, माणसं बघत्यात. पयला नुसता अंगठा हलायचा. आता मनगटापत्तर आलंय."

"पर झोपलीस की गप! आन् हे पान धर उजव्या हातात. थांबला! बघ, थांबला! कामाला लागला की हात शाना हुतोय. आजारी हात आसं करंल व्हय?"

"मुकादमाला तेच सांगिटलं. म्हनला, डाक्टर बरं हाय म्हनला तरच बिडीला पानं देतो."

"म्हनंल की! दे ते पान. हात मांडीवर ठेव, डाक्टरला दावायचाय."

उजवा अंगठा पुन्हा वळू लागला. पद्मराज दात विसरून बघत राहिला.

"आक्का, डावा कशाला हलवतीस?"

"मी कुठं हलवतीया?"

"डाव्यानं तर तू नुसतं पान धरतीस. वळत न्हाईस."

नागुबाईनं डावा हात मांडीवर दाबला; त्याचाही अंगठा बोटावर फिरत होता.

"आक्का?"

आतून नागुबाईच्या नावाची हाक आली. मालूनं पान घाईघाईनं तिच्या डाव्या हातात दिलं. डावा अंगठा थांबला. दोघी आत गेल्या आणि दार लागलं.