व्याह्याचं आडनाव

“तीस वर्षं स्टेशनवर अनाउन्समेंट केली मी. कोनतंही नाव असो, जीभ अडली नाही.”

“मंग व्याह्याचं घ्या.”

“जिओघेगन.”

“अहो, गेगन. आपल्या श्रावणीनं फोनवर चारदा सांगितलं. मधली अक्षरं बोलायचीच नाही म्हने.”

रायपूरच्या विमानतळावर नवऱ्याची वाट पाहत उभ्या पूर्णिमानं पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे कान लावले. त्यातल्या नानांच्या हातात झेंडूचा हार होता.

“बोलायची नाही त लिहिते काहून?”

“आयर्लंडवाल्यायले विचारा. पन आज चुकू नका. आडनाव चुकलं का तो मानूस उठून जाते. सख्ख्या भावाच्या लग्नातून उठला होता.”

“मले घाम सुटून राहिला, गोदे. पोट्टीचं लग्न माह्या जिभेनं मोडलं त?”

“त नावच नका घेऊ. आपल्यात व्याह्याचं नाव कोन घेते? हार घाला, व्याहीबुवा म्हना, हात धरून गाडीत बसवा.”

“हव. दुसरा शब्दच नाही काढत.”

“तो पाहा गोरा. जा.”

“फोटोत दाढी होती न?”

“लग्नासाठी काढली असन. जा लवकर.”

नानांनी हार घातला. गोरा माणूस खूश होऊन गाडीत बसला आणि गाडी नानांच्या बुढापाऱ्यातल्या घराकडे निघाली.

पंधरा मिनिटांनी एक दाढीवाला गोरा बाहेर आला. गेगनला न्यायला कोणी आलंय का, असं त्यानं पूर्णिमाला विचारलं.

“आले होते,” पूर्णिमा म्हणाली. “घेऊन गेले.”