नळाच्या पाण्याचा तो अहवाल

समारंभाचे अध्यक्ष माननीय चंद्रशेखर वासनिकसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या क्षितिजाताई मेश्राम, आणि लखनऊतल्या माझ्या मराठी बंधू-भगिनींनो, सर्वांना सविनय जय भीम.

क्षितिजाताईंचा जुना साहेब म्हणून मंडळाने मला गौरवाचे चार शब्द बोलायला सांगितलं. तो अधिकार मला आहे का? ऐका, आणि तुम्हीच ठरवा.

चार वर्षांपूर्वी मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेचा प्रमुख होतो. ताई नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्यांनी आपल्याच वस्तीतल्या नळांचे नमुने तपासले, तर क्रोमियम मर्यादेच्या चौपट निघालं. धातूवर मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी जमिनीत मुरून नळांना पाणी पुरवणाऱ्या ट्यूबवेलपर्यंत पोचलं होतं. मी म्हणालो, "बेटा, बाटली नीट धुतली नसशील." त्यांनी पुन्हा नमुने घेतले. आकडा तोच. तरी मी अहवालावर शेरा मारला, 'नमुना सदोष', आणि ताईंना निष्काळजीपणाचा मेमो दिला. का? वरून एक फोन आला होता आणि माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. याहून मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात मी घरी पाण्याचे कॅन सुरू केले. एका रविवारी ताई सहीसाठी घरी आल्या. माझ्या पत्नीने, नीलाने, पाणी पुढे केलं. ती आज इथे समोरच बसली आहे. "घे गं, बिनधास्त पी," ती म्हणाली. "कॅनचं आहे. ह्यांनी नळाचं बंदच करून टाकलंय."

ताईंनी ग्लास खाली ठेवला. मला म्हणाल्या, "सर, शेजारच्या स्वप्नाला सांगितलंत? तिला सातवा महिना आहे."

मी सांगितलं नव्हतं.

त्या तिथूनच उठून स्वप्नाकडे गेल्या, मग घरोघर. स्वप्नाने त्या दिवसापासून ते पाणी सोडलं. ताईंची मात्र महिन्याभरात प्रयोगशाळेतून शहरातल्याच दुसऱ्या कार्यालयात बदली झाली. लोक मला विचारायचे, "साहब, आप तो पानी के ही आदमी हैं। पी लें?" मी म्हणायचो, "उबालकर पीजिए।" उकळून क्रोमियम जात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ताईंनी अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठे अकरा महिन्यांनी ट्यूबवेल बंद झाली. तोवर किती जण माझ्या शब्दावर ते पाणी प्यायले, मला मोजता येत नाही.

ताई आता नागपूरला चालल्या आहेत, आणि तो मेमो अजून त्यांच्या सर्व्हिस बुकात आहे. काल मी विभागाला लेखी कळवलं की नमुना निर्दोष होता, खोटा होता तो माझा शेरा. चौकशी होईल. व्हायलाच हवी. ताई, ही त्याची प्रत. चार वर्षं उशिरा देतोय.

मंडळाने बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. बाकीचं सांभाळून घेऊ नका, एवढी विनंती करतो आणि खाली बसतो.