मेजापाशी ठेवलेलं गाडगं

—नका बसाले सांगू, बाई, मी बसाले नाही आली. दोन कोस चालत आली, तेही देवळातल्या रविवारच्या भक्तीतून अर्ध्यात उठून, आन तसंच वापस जायचं आहे. तुमी आपलं सूप चालू ठेवा, पाखडता पाखडता आयकू येतेच. काय म्हनता? काहीच नाही. हो, तेच तं. दोन सालं झाली तुमचं तोंड बंद आहे. मी तुमची सक्की धाकटी जाऊ, दारव्ह्याच्या बाजारात भेटली तं नुसती मान हालवता, आन देवळात तं पाय ठेवनंच सोडलं. लोक मले इचारतात, चंदाबाई, तुमच्या मोठ्या जाऊबाई काहून येत नाहीत? मी काय सांगू? मी सांगतो, गुडघे दुखतात. तुमच्या गुडघ्यासाठी मंडळीनं दोनदा प्रार्थना केली, मालूम आहे तुमाले?

तं आयका. मी तुमाले माफ कराले आली. पाहू नका अशा, खरंच सांगतो. यवतमाळचे नवे पास्टरसाहेब आहेत ना—तुमाले कुठून मालूम असन, तुमी पाह्यलेच नाहीत—त्याईची एक खोड आहे, उपदेश सुरू कराच्या आंधी मांगच्या रविवारचं इचारतात. सांगा, काय आयकलं होतं? बंद्याईच्या, साऱ्या मंडळीच्या, माना खाली. कोनी पोराले चिमटा काहाडते, कोनी खोकलते. मंग उभी कोन राह्यते? मीच. दर येळी मीच. मले अक्षर येत नाही, पन कानावर पडलं का डोस्क्यात बसते, हे तुमाले बी मालूम आहे. आज बी मी बंदं सांगतलं—का मानसानं दान घेऊन वेदीपाशी यावं, आन तिथं त्याले याद आली का भावाबद्दल आपल्या मनात काही आहे, तं दान तिथंच ठेवाचं, पयले भावाकडे जाऊन नीट कराचं, मंग येऊन दान द्याचं. मले वाटलं, आता शाबास म्हनतात. तं काय म्हनाव त्याईनं? म्हने, चंदाबाई, आठ दिवस झाले, डोस्क्यात तं आहे तुमच्या, हातापायात केव्हा उतरन? बंद्या बायका हासल्या. म्हंजे ज्याईले एक शब्द याद नाही त्या हासल्या, आन जिले पाठ आहे तिच्यावर हासल्या.

मंग आली मले रग. आज महिन्याचा पयला रविवार, मुठीचं गाडगं मांडीवर होतंच. मुठीचं म्हंजे—तुमाले काय सांगू, तुमीच तं शिकवलं मले, लग्न होऊन आलती तवा, का सैपाकाले जवारी काहाडली का त्यातली एक मूठ पयले देवाच्या गाडग्यात. तं ते गाडगं नेऊन ठेवलं धाडकन. आपल्या देवळात वेदी कुठची, मेजच आहे, त्या मेजापाशी ठेवलं, आन म्हटलं, हे पाहा, मी चालली माह्या जावंकडे, मी येईस्तोर याले कोनी हात लावाचा नाही. दानाचं गानं सुरू झालतं, ते मधातच थांबलं. पास्टरसाहेब म्हने, जा, आमी थांबतो. आता बंदे तिथं बसून आहेत, बाई, माह्या गाडग्याकडे पाहत, प्रभुभोजन बाकी आहे. म्हनून म्हनतो लवकर करा. तुमाले काही नाही कराचं, नुसतं म्हना, ठीक आहे चंदा, आन डोक्यावर पदर घेऊन संगं चला. बंद्याईले पाहू द्या हातापायात कसं उतरते ते.

माफी कायची? रुसल्याची. एवढ्याशा गोठीवरून कोनी देऊळ सोडते का? तुमचं गाडगं उघडलं आन त्यातून रेशनची लाल जवारी, ती मिलो, निंघाली, सोंडे फिरून राह्यले होते वरून, हे काही खोटं नाही, बंद्याईनं पाह्यलं. बायका बोलल्या, का घरच्या कणगीत पांढरी जवारी आन देवाले किडकी मिलो. बोलल्या तं बोलल्या. तुमी तापानं घरी होत्या, नाही तं तोंडावर बोलाची कोनाची हिंमत होती? मी होती तिथं. मी एक शब्द नाही बोलली. म्हंजे—तुमच्या इरोधात नाही बोलली. बाजूनं? बाजूनं कशी बोलनार, मी तुमची जाऊ, लोक म्हनतीन घरच्या घरात झाकून राह्यली. आन गाडगी काय, दोन्ही एकाच कुंभाराची, दोन्हीवर चुन्याचा क्रूस, तुमच्या बी आन माह्या बी. तुमचं बी मीच डोक्यावर नेलं होतं, एकावर एक. उतरवताना कोनतं कोनाचं हे मानूस चुकू शकते. शकते का नाही?

सूप काहून थांबवलं? पाखडा ना. मी काही वावगं नाही बोलली. तिकडे काय पाहता, तिकडे काय आहे, कोपऱ्यात गाडगं आहे, प्रत्येकाच्या घरी अस—

हे तं माहं आहे. काठाचा टवका गेलेलं. पोराच्या हातून गेलता तो टवका, मीच मारलं होतं त्याले. म्हंजे मी तवा वापस आनून देल्लं ते तुमचं नव्हतंच, आन तुमी ते ठेवून घेतलं, आन मले काही म्हटलं नाही? आन भरलेलं आहे हे. पांढरी जवारी आहे. देवळात येत नाही आन मूठ टाकून राह्यल्या, माह्याच गाडग्यात?

तुमी पयल्याच दिवशी ओळखलं, बाई. आपलं गाडगं कोन बाई ओळखनार नाही. मीच येडी.

नका जवळ येऊ, मले बोलू द्या. त्या पावसाळ्यात तुमचा देर, माहा मालक, तापानं पडून होता, जिनिंगचं काम गेलतं. मी मूठ टाकत होती, शपथ घेतो, रोज सकाळी टाकत होती. आन रोज संध्याकाळी काहाडत होती. पोराईले काय त्या गाडग्याकडे बोट दाखवू? पयला रविवार आला तं गाडग्यात काही नाही. मंग रेशनच्या पोत्याचं बूड झाडलं आन भरलं. देवळात गेल्यावर एक बाई पुढं बसून झाकनं काहाडे, नाव इचारे. तिनं तुमचं पांढरं गाडगं उघडलं आन इचारलं, कोनाचं? माह्या तोंडातून निंघालं, माहं. बस, एवढंच. मंग दुसरं आपोआप तुमचं झालं. मले वाटलं, तुमाले काय फरक पडते, तुमचं घर भरलेलं आहे, लोक म्हनतीन चुकून झालं. माह्या घरचं उघडं पडलं असतं तं लोकाईनं म्हटलं असतं, यायच्या घरी खायाले नाही. अजून सांगू? त्या दिवशीचा उपदेश त्या गरीब विधवेचा होता, जिनं आपल्याजवळचं होतं नव्हतं ते देल्लं. जुन्या पास्टरसाहेबानं माह्याकडे हात केला, म्हने, पाहा, हालातून बी चंदाबाईनं कशी निवडक जवारी आनली. मी मान खाली घालून बसली. लोकाईले वाटलं, नम्र आहे. तो उपदेश बी मले पाठ आहे, बाई, पयल्यापासून शेवटपर्यंत म्हनून दाखवू शकतो.

आन आजचं मी उलटं सांगतलं. पास्टरसाहेबानं तसं नव्हतं म्हटलं. भावाच्या मनात तुह्याबद्दल काही आहे अशी याद आली तं—असं म्हटलं होतं. मी ते फिरवलं. बंद्याईसमोर फिरवलं आन मले सोताले बी कळलं नाही.

काय? काय म्हटलं? पुन्हा म्हना. तवाच? तवाच माफ केलं? कोनाले इचारून? मले न इचारता, मले न सांगता, दोन सालं तुमी मले माफ करून बसल्या, आन मी तुमच्या गुडघ्याच्या प्रार्थनेत आमेन म्हनून राह्यली? असं कोनी करते का? भांडाचं होतं ना, बाई. चुलीपाशी येऊन दोन शिव्या देल्ल्या असत्या तं मी त्याच दिवशी सुटली असती. आन देऊळ कायले सोडलं मंग? हां. बायकाईनं इचारलं असतं. आन तुमाले लबाड बोलता येत नाही. म्हंजे मले वाचवाले तुमी प्रभुभोजन बी सोडलं. तुमाले तं एक उपदेश धड याद राह्यत नव्हता.

उठल्या कायले? पदर कायले घेता? नको, नका येऊ. मघाशी म्हटलं ते म्हटलं, मी मांगं घेतो. तुमी आल्या तं मले तोंड उघडा लागन. बंद्याईसमोर, त्या हासनाऱ्या बायकाईसमोर. तुमी काही म्हननार नाही, मले मालूम आहे, तुमी नुसत्या बाजूले उभ्या राहान, तेच तं मले झेपनार नाही. मी एकटी जातो, सांगतो, नीट झालं, जावंनं ठीक आहे म्हटलं. हे काही खोटं नाही. तुमी म्हटलंच ना.

आयकत नाही तुमी. बरं, घ्या ते गाडगं. माह्याजवळ द्या, जड आहे. आन तुमी पुढं नका होऊ, मांगं राहा, मले पुढं घाला, नाही तं मी नाल्यापासून परत फिरन, मी ओळखतो मले. आन रस्त्यानं मले बोलू देऊ नका, बाई. बोलत गेली का मी अर्ध्या रस्त्यातच सोताले माफ करून टाकतो.