नातीचा फौजदार

कोर्टाचं नाव काढल्यावर माणूस कसा पांढरा पडतो, ते मी नव्व्याण्णव साली काटेवाडीत आमच्याच घरात पाहिलं. नातीनं, सुमननं, एका लेखकाच्या कादंबरीतलं फौजदाराचं पात्र घेऊन स्वतःची गोष्ट लिहिली आणि बारामतीला जाऊन इंटरनेटवर टाकली. खाली नाव आणि घरचा फोन नंबर दिला. थेट लेखकाचाच फोन आला. "गोष्ट काढा, नाहीतर कोर्टात भेटू."

पोरीनं फोन माझ्यापुढं धरला. मी फोन घेतला.

"सायेब, वळू तुमचा, पण गाय आमची हाय. मग वासरू कुणाचं?"

तो म्हणाला, "वासरू तुमचंच, आबा. पण माझा वळू सोडून नेताना मला विचारलंत का?"

माझा वळू असा कुणी नेला असता, तर मी काठीच काढली असती.

"सुमे," मी म्हणालो, "गोष्ट काढ. आन् पुढच्या टायमाला फौजदार बी घरचाच घे."