कुसुमावतीचा पदर

मी, मैनाबाई जागेश्वर हेडाऊ, वय ५२ वर्षे, धंदा हातमागावर विणकाम, राहणार तांडापेठ, नागपूर. समक्ष पोलीस स्टेशनला हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की,

माझ्या घरासमोरचे घर गेल्या दिवाळीपासून शोभाताई नावाच्या बाईंनी भाड्याने घेतले आहे. पागलखान्यातून सुटलेले, दारू सोडलेले, घरचे ज्यांना नेत नाहीत असे सहा पुरुष त्या तिथे ठेवतात. औषध देतात, कामाला लावतात. मला हे पहिल्यापासून पटले नाही. फुकट कोण कोणाला जेवू घालते? ते घर खाली करावे या मोहल्ल्याच्या अर्जावर माझाही अंगठा आहे.

अर्जासाठी शेजारची कुसुमावती ओमप्रकाश निमजे दारोदार फिरली. "वेडे हायेत थे. लेकरं बाहेर सोडाले भेव वाटते वं बाई," असे ती म्हणे.

त्या सहांपैकी एक दाढीवाला इसम ओट्यावर बसून असतो. बोलत नाही. तो दिसला की कुसुमावती डोक्यावर पदर घेते. बाकी पाचांसमोर घेत नाही. कुठेतरी पाणी मुरते आहे असा मला संशय आला. आधी भलतेच मनात आले, ते लिहू नये.

काल सकाळी तो इसम तिच्या घरात शिरला. ती चोर चोर ओरडली म्हणून मी धावले. तो तिच्या हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून तुटलेला धागा जोडत होता. काही चोरीस गेले नाही. कुसुमावती कपाळाखाली पदर ओढून भिंतीकडे तोंड करून उभी होती.

आमच्यात बाई असा पदर सासऱ्यासमोर घेते, नाहीतर भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर. तिचे सासरे लग्नाआधीच वारले. भासरे शालिकराम दारू पिऊन भटकत, घरी क्वचितच असत; मी त्यांचा चेहरा कधी नीट पाहिला नाही. ते वर्धेकडे मेले असे सांगून ओमप्रकाशने चार वर्षांपूर्वी तेरवी केली. मी जेवले आहे. प्रेत कोणी पाहिले नाही. घर आता एकट्या ओमप्रकाशचे आहे.

आज कुसुमावतीला येथे विचारले तेव्हा हवालदारसाहेबांसमोर तिचा पदर खांद्यावर होता. त्या इसमाला आत आणताच तिने तो डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "ह्या माणसाले मी नाई ओळखत." त्यानेही मान खाली घालून तोंड फिरवले, भासऱ्याने फिरवावे तसे.

अर्जावरचा माझा अंगठा रद्द करावा. शोभाताईंवर माझा अजून भरवसा नाही, पण ते घर राहू द्यावे. ते गेले तर ह्या माणसाला दुसरे दार नाही.

अर्ज मला कोणी वाचून दाखवला नव्हता. हा जबाब दाखवला. मी सांगितला तसाच तो आहे.

डाव्या हाताचा अंगठा
ता. १४-३-१९७९